नऊशे एकतीस

बोडीटोल्याची वेगळी ग्रामपंचायत व्हावी
म्हणून मी अर्ज लिहिला, निळ्या शाईनं.
तहसीलमध्ये म्हणाले, काळ्या शाईनं आणा.
काळ्यानं नेला, तर म्हणाले, टाइप करून आणा.
साकोलीच्या टायपिंगवाल्यानं बोडीचं गोडी केलं.
गोडीटोला नावाचं गाव नकाशात नाही,
म्हणून अर्ज परत.

नाल्याच्या या अंगाला आम्ही, ढिवर, गोंड, दोन घरं वाढयांची.
त्या अंगाला मोठं गाव.
रेशन तिकडे, दवाखाना तिकडे, शिक्का तिकडे.
श्रावणात नाला भरला की डोंगा लागतो.
तेवढा डोंगा आमचा.

नियमात हजार माणसं लागतात.
आम्ही नऊशे एकतीस.
रायवंता नान्हे ओट्यावर बसून बोटं मोडायची:
फगनीची सून पोटुशी, चंदरची बायको पोटुशी,
"पोटातले धरा ना जी, ते का परक्या गावचे होत?"
ग्रामसेवक लांजेवार हसले,
मग खरंच विचारून आले वरच्या साहेबाला.
साहेब हसले नाहीत.

उत्पन्नाचा रकाना भरायला आठ दिवस गेले.
कुडाच्या भिंतीला घरपट्टी किती लावणार?
एक पिठाची चक्की. एक मोबाईलचा टॉवर,
त्याचे पाय गावच्या गटनंबरात, सावली आमच्यात.
सावलीवर कर बसत नाही.
बोडीतले मासे आम्ही धरतो,
लिलाव गावात होतो.
नळयोजनेचं थकलेलं वीजबिल तेवढं
डोईप्रमाणे वाटून मिळणार होतं.
त्या कागदावर मिरची तोडायला गेलेलेही मोजले होते,
लेकरंसुद्धा.
तिथं आम्ही हजाराच्या वर भरलो.

सरपंच केवळराम कापगते
वेगळ्या विदर्भाचा जुना माणूस.
चौकातल्या मंडपात त्याचा आवाज ऐकण्यासारखा:
कोळसा आमचा, धूर आमचा, उजेड त्यांचा!
कलम तीन त्याला तोंडपाठ.
संसदेनं मनावर घेतलं तर राज्य होतं, म्हणतो,
विधानसभेला विचारायचं असतं,
तिचं ऐकलंच पाहिजे असं नाही.
कोणी म्हणालं, खर्च कसा भागेल?
तर म्हणाला, बांधलेल्या माणसाला
आधी सोडा, मग हिशेब मागा.
मी टाळ्या वाजवल्या. खुर्च्याही मीच मांडल्या होत्या.

आमचा ठराव आला ग्रामसभेत.
ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं
त्यांचेच हात वर व्हायला हवेत.
कापगते उठले, आवाज तोच:
एवढंसं टोलं, पोट कसं भराल?
दिवाबत्ती कशी कराल?
शिपायाचा पगार कुठून द्याल?
शिपाई मीच.
मी त्यांच्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला
आणि म्हणालो, साहेब, कलम तीन.
सभा हसली. तेही हसले.
मग हात मोजले.
आमचे बाया-माणसं मिळून एकशे बारा.
त्यांचे मोजायची गरज पडली नाही.

सुकराम दिघोरे तेलंगणातून परत आला,
बोटं सुजलेली, हळद लावलेली.
नवं राज्य कसं हाय गा, विचारलं.
"मिरची तेवढीच पोरते," म्हणाला.
थोडा वेळ विडी ओढली.
"पर कचेरी जवर आली, लेका.
मानूस सायकलनं जाते न दुपारी घरी येते."
हे दुसरं वाक्य मला झोपू देत नाही.

परवा कापगतेंनी बंदची पोस्टरं दिली चिकटवायला.
चिकटवली, सगळी, सरळ.
उरलेली खळ डब्यात घेऊन नाला उतरलो.
समाजमंदिराच्या भिंतीला कागद लावला,
बोडीटोला ग्रामपंचायत, नियोजित.
खाली फळा आहे शाळेनं टाकलेला.

माघात रायवंता गेली.
तिच्या तेरवीच्या दिवशी फगनीच्या सुनेला जुळं झालं.
मी खडू ओला करून लिहिलं,
नऊशे बत्तीस.
अडुसष्ट बाकी.