तात्पुरतं, मे १९८३

सहाशे डॉलरला घेतलं हे चाकांवरचं खोकं.
डेमिंगच्या पलीकडे, मिरचीच्या शेताच्या कडेला
सतरा वर्षं उन्हात उभं.
विकणाऱ्यानं दार उघडलं
आणि स्वतः बाहेरच थांबला.
आत उंदरांचा वास,
आणि ऑक्टोबरातच अडकलेलं एक कॅलेंडर.

विजेच्या बिलाच्या पाकिटामागे मी हिशेब मांडला.
शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं
चारशे पोरांचं जेवण मोजूनमापून केलेली बाई मी.
म्हटलं, चारशे डॉलरांत
एक खोली मला रांधता येईल.

रंग नऊ डॉलरचा.
कुणीतरी बनवून घेतला, मग नको म्हणून
दुकानातच सोडून गेलं.
ना हिरवा ना राखाडी,
ओल्या अक्रोडाच्या सालीसारखा काहीतरी.
दुसऱ्या कुणाच्या पस्तावण्याचे
दोन हात दिले भिंतींना.
वाळल्यावर बरा दिसला.

चर्चनं गुडघे टेकायच्या लांब गाद्या बदलल्या
आणि जुन्या मला फुकट दिल्या,
मधोमध दबलेल्या,
कुणाकुणाच्या नवसांनी.
धुतल्या, वाळवल्या, मोटेलच्या जुन्या चादरीत शिवल्या.
आता त्यांच्यावर बसून मी कॉफी पिते.
फादर उर्बानो बघून गेले, काही बोलले नाहीत,
फक्त बसताना जरा कचरले.

मग भाऊ एलॉय आला, लेव्हल घेऊन.
बुडबुडा काही केल्या मधे येईना:
जमिनीवर ठेवला की डावीकडे,
ओट्यावर उजवीकडे,
खिडकीच्या फळीवर तर पार दिसेनासा.
नाचता येईना त्यांचं अंगण वाकडं म्हणतात,
इथलं अंगण खरोखरच वाकडं होतं.
"ओडेलिया," तो म्हणाला,
"यातलं एक जरी सरळ केलंस
तर उरलेलं सगळं वाकडं दिसेल."
लेव्हल ट्रकमध्ये परत गेली.
आम्ही दोऱ्यानं मापं घेत
वाकड्याला वाकडं जोडत गेलो.

सिंकखाली पाय रुतत होता.
लिनोलियम सोलत गेले: तपकिरी फुलं,
त्याखाली पिवळे चौकोन,
त्याखाली काळं डांबर,
आणि त्याखाली, दोन तुळयांच्या मधे
ठोकून बसवलेली
देवदाराची एक पाचर.
तिच्यावर पेन्सिलीनं: तात्पुरतं, मे १९८३.

कोण होतास तू? की होतीस?
अक्षर घाईतलं आहे,
गाडी बाहेर सुरू असल्यासारखं.
कुणाला सांगत होतास?
बायकोला, स्वतःला,
की कधीतरी इथे ओणवं होऊन
टॉर्च तोंडात धरणाऱ्या मला?

एलॉय म्हणाला, काढून टाक,
नवं लाकूड चौदा डॉलर.
पाकिटात उरले होते अकरा.
पण तेवढ्यासाठी नाही.
मी हातोडीनं हळूच ठोकून पाहिलं,
पाचर हलली नाही.

मीही एलॉयच्या मागच्या खोलीत
तात्पुरतीच आले होते,
बेनिग्नो गेला त्या वर्षी, दोन बॅगा घेऊन.
नऊ वर्षं झाली.
बॅगा अजून पलंगाखाली आहेत,
एकीत अजून त्याचे मोजे.

एलॉय पाणी प्यायला गेला तेव्हा
तुझ्या ओळीखाली मी लिहिलं:
बघितली. ठीक आहे.
आणि तारीख.
वरून फरशीचे चिकटणारे तुकडे लावले,
एक कमी पडला.
तिथे केकचा पत्रा कापून बसवला,
पाय पडला की टिंग वाजतो.

टायरांचे पैसे हिशेबात नव्हतेच.
चौघांचेही रबर भेगाळलेलं;
हे खोकं कुठे जाणार नाही,
निदान या वर्षी.
एलॉयच्या मागच्या दारापासून एकवीस पावलं,
मी मोजली आहेत.

काल पहिल्यांदा इथे झोपले.
पहाटे वारा सुटला, धूळ खिडकीवर,
सगळं खोकं डावीकडे कललं आणि तसंच राहिलं.
कॉफी केली.
भिंत तिरकी, फळी तिरकी, मी तिरकी,
कपातली कॉफी तेवढी सरळ.