समासातली पेन्सिल

औषधाच्या दुकानात रात्रपाळीला
दार बंद, फक्त एक झडप उघडी,
झडपेपाशी घंटा.
एका घंटेपासून दुसरीपर्यंत मी वाचते
म्रुकचं नववं पुस्तक.

म्रुक, श्चेचिनचा फौजदार, दोनदा हुद्द्यावरून उतरवलेला.
गुडघा कामातून गेला तिसऱ्या पुस्तकात,
बायको पाचव्यात.
गेली म्हणजे निघून गेली, मेली नाही;
या मालिकेत ते वेगळं सांगावं लागतं.
सातव्यात त्यानं दारू सोडली,
आठव्याच्या चाळिसाव्या पानावर पुन्हा धरली,
आणि काउंटरमागे एकटीच मी त्याला म्हणाले, मेल्या.

या खेपेला ओडरच्या काठी, गोदीतल्या क्रेनखाली
बर्फाच्या चिखलात एक बूट सापडतो.
बुटात पाय आहे.
लेखक तिथं थांबत नाही,
पायमोजाची वीणही सांगतो.
पुस्तक उपडं ठेवून मी
एका बापाला तापाचं औषध देते.
किती मिली ते दोनदा सांगते,
तो तिसऱ्यांदा विचारतो.

पण मी सांगत होते पेन्सिलीबद्दल.

वाचनालयातली ही प्रत माझ्याआधी
नेहमी एकच कुणीतरी वाचतं. पहिल्या पुस्तकापासून.
समासात बारीक, ताठ अक्षर,
इतकं दाबून की मागच्या पानाला उठाव येतो.
“रक्त इतक्या लवकर वाळत नाही.”
“या गल्लीतून ट्राम कधीच गेली नाही.”
“तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्याचे हात असे नसतात.”
आणि चौथ्यात, बाईच्या प्रेताचं वर्णन
पानभर संपेना तिथं, एकच शब्द:
“पुरे.”

मी सुतावरून स्वर्ग गाठला.
शवागारातली नोकरी, आता निवृत्त.
डावखुरं, कारण अक्षरं फरपटलेली.
चहा बिनसाखरेचा,
पानावरच्या कपाच्या वळ्याला बोट चिकटत नाही.
बाई की बुवा, ते नऊ पुस्तकांत ठरलं नाही.
ते माणूस, एवढंच.

नवव्यात पेन्सिल आहे
पान एकशे त्रेचाळीसपर्यंत.
“म्रुक, मागे बघ.”
आजवर त्या माणसानं त्याला
कधी नावानं हाक मारली नव्हती.
पुढचे समास पांढरे.

खुनी मला दोनशेव्या पानावरच कळला.
ज्याला लेखक चांगले हातमोजे देतो, तोच असतो.
तरी एकेक पान मी दिव्यापुढे तिरकं धरत गेले,
एखादा उठाव, खोडलेली एखादी ओळ...
म्रुकला बर्फात गोळी लागली तेव्हासुद्धा
मी समासच बघत होते.

शनिवारी बोगुमिवाबाईंना विचारलं.
वाचकांची नावं आम्ही सांगत नाही, त्या म्हणाल्या,
आणि शाईची गादी उगाच उघडून मिटली.
मग, माझ्याकडे न बघता:
परत आणून दिलं ते मात्र दुसऱ्याच कुणी.
म्रुकनं या गादीवर तीन पानं काढली असती.
मी छत्री उचलली.

उद्या पुस्तकाची मुदत संपते.
शेवटून तिसऱ्या पानावर खांद्याला रक्त,
म्रुक रात्री औषधाच्या दुकानाची घंटा वाजवतो,
दार ढकलतो, आत येतो.
डोस लिहायची पेन्सिल घेऊन
मी उजव्या हातानं, माझ्या गिचमिड अक्षरात लिहिते:
“रात्री दार उघडत नाहीत. झडप असते.”

खालची जागा तशीच ठेवते.
दहावं पुढच्या हिवाळ्यात येईल,
गुडघा अजून बिघडलेला असेल.

घंटा वाजते.
उठण्याआधी
मी एकदा मागे बघते.