उजेडात बघून

नौपाड्यात उड्डाणपूल झाल्यापासून
मला उजेडासाठी चार पावलं जास्त चालावी लागतात.
पूर्वी दुकानाच्या पायरीवर रंग कळायचा,
आता कापड घेऊन रसवंतीपर्यंत जायचं.
तिथे दोन खांबांच्या मधून ऊन पडतं, साडेबारापर्यंत.
ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका, मी गिऱ्हाइकांना सांगते,
ती लग्न जमवणाऱ्यासारखी असते,
सगळंच थोडं गोरं करून दाखवते.

शलाका कर्णिक आली ती मुलीला घेऊन.
पंधरा वर्षांपूर्वी आईबरोबर आली होती.
तेव्हा निवडायचं काही नव्हतंच:
मामाची पिवळी, सासरचा हिरवा शालू,
रिसेप्शनला डाळिंबी, कारण नणंदेने राणी घेतलेला.
मी ब्लाउजपीस कापत होते आणि ती
लेसच्या रिळाचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.
तिला कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

या खेपेला रजिस्टर लग्न,
घंटाळीला चाळीस माणसांचं जेवण,
आणि रंग कुठले ते सांगायला कोणी नाही.
आई म्हणते, दुसरेपणाचं आहे, काहीतरी फिकं घे.
होणारी सासू म्हणते, तुम्ही ठरवाल ते, आमचं काही नाही.
याच्याहून अवघड वाक्य मी या काउंटरवर ऐकलेलं नाही.

म्हणून पॅलेट मुलीने केलं. मिहिका, वय बारा.
मोबाइलवर पाच चौकोन, खाली इंग्रजी नावं.
मी चष्मा चढवला.
डस्टी रोज म्हणजे धुऊन धुऊन उरलेली अबोली.
सेज म्हणजे कढीपत्त्याची पालथी बाजू.
आयव्हरी मोतिया, त्यात वाद नाही.
मस्टर्ड म्हणजे फेसलेली मोहरी, नाकात जाईल असा.
पाचव्याला नाव नव्हतं.

पाचवा काळा होता.

हा कोणाचा गं?
माझा.
शलाका म्हणाली, मिहू, आपलं ठरलं होतं.
पोरगी म्हणाली, तुझं ठरलं होतं.

तेवढ्यात वर्तक हेल्मेटसकट आत डोकावले,
झालं का विचारायला. स्क्रीनकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं,
आणि स्कूटर उचलून नेतील म्हणून परत गेले.
भला माणूस असावा.

एकतीस वर्षांत मी रंग खोटा सांगितलेला नाही.
गिऱ्हाईक गेलं तरी चालेल,
पण शेंदरीला केशरी म्हटलं नाही,
आमसुलीवर कोणाला अंजिरी खपवला नाही.
वरच्या फळीवरून तागा काढला
आणि आम्ही तिघी उन्हात गेलो.
रसवंतीवाल्याने चरक थांबवला, बायका काय बघतायत म्हणून.

काळाच होता. तव्याच्या पाठीसारखा.
बारा वाजलेले, ऊन बरोब्बर घडीवर,
त्यात जांभळ्याचा एक धागा नव्हता.

मी म्हटलं, हा काळा नव्हे हो.
हा वांगी. गडद वांगी.
पुलाची सावली आहे ना, म्हणून तसा वाटतो.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे चांगले आहेत.
शलाकाने कापड हातात घेतलं,
दोन बोटांत चोळलं, जवळ नेलं, लांब धरलं,
इतका वेळ की मला वाटलं, आता ही मला खोटं पाडणार.

वांगीच की, ती म्हणाली.
आईने विचारलं तर तुमचं नाव सांगते.

सव्वादोन मीटर कापला.
पावतीवर वांगी लिहिलं, अक्षर नीट काढून.
मिहिकाने पावती वाचली, घडी घातली,
आणि मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्ये मागून सरकवली,
अक्षरं बाहेर दिसतील अशी.

मग मोतिया बघितला, अबोली बघितली.
तोवर ऊन खांबामागे गेलं.
मोहरी राहिलीच.
म्हटलं, उद्या या, अकराच्या आत.