मोजणी

कोण जिंकलं, ते मला विचारू नका.
सस्कॅचवानच्या त्या मैदानावर एकतीस उन्हाळे
पाचकोनी पाटीमागे वाकून उभा राहिलो,
एकही धावसंख्या आठवत नाही.

ऑरव्हिल टकाचुक आठवतो.
कनोलाच्या पिवळ्या शेतात चेंडू शोधायला घुसला
आणि डासांनी फोडून काढलेला परत आला
दोन हातांत दोन चेंडू घेऊन.
एक आजचा. दुसरा मागल्या कुठल्या तरी सालचा,
टाके उसवलेला, आत उंदरानं संसार मांडलेला.
तोवर बॅटर होमला पोचून बियर उघडून बसला होता.
नियमपुस्तकात उंदराबद्दल काही नाही.
मी शोधलंय.

लुथरन चर्चचे पाद्री पालथे घसरत आले.
कवळी वाटेतच वीतभर अलीकडे थांबली.
कॅचरनं चेंडू कवळीला टेकवला
आणि माझ्याकडे बघितलं, अगदी गंभीरपणे.
मी म्हटलं, माणूस सेफ, दात आऊट.
मग माझ्या छोट्या ब्रशनं दोन्ही झाडले,
आधी पाटी. मग दात.

विल्मा फ्रीसन तिसऱ्या बेसवर ठाण मांडून उभी.
चेंडू कुंपणापार गेलेला, सगळे ओरडतायत, जा, जा,
फटका मारणारी पोर तिच्या मागे ताटकळलेली.
विल्मा म्हणाली, त्या माणसाच्या दिशेनं
मी पुन्हा एक पाऊल टाकणार नाही.
कॅचर म्हणजे तिचा आधीचा नवरा.
त्यानं मास्क काढला, थेट पार्किंगपर्यंत गेला,
ट्रकला टेकून पाठमोरा उभा राहिला.
तेव्हा ती आली. चालत.
पाटीवर पाय पुसले, पायपुसण्यावर पुसावेत तसे.

आणि लाइल ऑस्टरहाउट. तो सेफ होता.
मला दिसलं होतं,
पण हात माझ्याआधीच वर गेला होता.
तो काही बोलला नाही, पँट झटकली आणि बाकावर जाऊन बसला.
सकाळी त्याच्या पंपावर गेलो.
त्यानं पेट्रोल भरलं, माझी काच पुसली,
पुन्हा पुसली, कोपरेसुद्धा,
आणि वाकून विचारलं,
आता दिसतंय का नीट?

जूनमधली एक संध्याकाळ. दहा वाजले तरी उजेड.
तीन बॉल, दोन स्ट्राईक.
डोरीननं खालून चेंडू उंच सोडला
आणि हायवेवर शवगाडी आली.
मागे गाड्यांची रांग, उजेडातही दिवे लावलेले.
गावातलं कुणी नव्हतं, पुढच्या कुठल्या तरी गावी चालले होते.
तरी टोप्या निघाल्या. ग्लोव्ह खाली आले.
बॅट खांद्यावरून उतरली.
चेंडू एकटाच हवेत होता.
वर गेला, वळला, खाली आला,
पाटीवर पडला, थोडी धूळ उडाली.

शेवटची गाडी वळणापलीकडे जाईतो कुणी हललं नाही.
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बघतच नव्हतो, हेही सांगता येईना.
कारण मी बघत होतो.
म्हटलं, आज पुरे.

दुसऱ्या दिवशी सहा डॉलरला नवा क्लिकर आणला.
जुना ड्रॉवरमध्ये आहे, चाव्यांजवळ.
तीन, दोन.
नात त्याची चाकं फिरवायला बघते,
मी तिला बिस्कीट देतो.