ओळंबा

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी
कृत्तिकाने वहीत घर काढलं. त्याला जमीन नव्हती.
गिरणाऱ्याहून दगू मिस्त्री आले सायकलवर,
पिशवीत हातोडा, टेप आणि काळ्या दोऱ्याचा ओळंबा.
चहा नको म्हणाले. आधी झाडं दाखवा.

तिला विहिरीजवळची जांभूळ हवी होती,
चढायला सोपी, सावलीला गार.
मिस्त्रींनी हातोड्याच्या पाठीने खोडावर टकटक केलं,
शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकावं तसा कान लावला.
"जांभूळ गोड बोलते," म्हणाले,
"आणि ऐन वेळी फांदी सोडून देते."

शेवगा त्यांनी बघितलाच नाही.
निलगिरीला नुसती उंची, मांडी कुठेय?
उंबराखाली मात्र चपला काढून उभे राहिले
कितीतरी वेळ. मग चपला घातल्या.
बाभळीवर सुगरणींची एकवीस घरटी लटकत होती,
कृत्तिकाने मोजली आणि स्वतःच म्हणाली,
इथे जागा नाही.

चिंचेशी जरा रेंगाळलो. चिंच दणकट.
पण रात्री तिच्यावर कोण राहतं
ते मी लहानपणी इतकं ऐकलंय, की बोलवेना.
मिस्त्रींनी ओळखलं, हसले:
"जुना भाडेकरू निघत नाही, ताई. चला पुढे."

राहिला आंबा.
बांधावरचा.
मी त्याचं नावही घेतलं नव्हतं,
मिस्त्री आपणहून तिकडे वळले.
दीड पुरुषावर तीन फांद्या फुटलेल्या,
कुणी ओंजळ धरून विसरून जावं तशा.
साठीचा माणूस सरसर वर गेला
आणि सगळ्यात आडव्या फांदीवरून
ओळंबा सोडला.
तो हलला, हलला, आणि थांबला
संपतभाऊजींच्या टोमॅटोत.

सात वर्षं झाली.
नाशिकच्या कोर्टात आमचा बांध एका फायलीत राहतो,
तारखेला मी त्याला भेटून येते.
मोजणीवाले आले, खुणा रोवल्या,
खुणा रातोरात उपटल्या गेल्या.
आंब्याचं खोड आमच्या सातबाऱ्यात,
आंबे पडतात त्यांच्याकडे.
मी कधी वाकून एक उचलला नाही.
त्यांनीही कधी एक पाठवला नाही.

"दुसरी फांदी बघा की," मी खालून म्हणाले.
"आहे दुसरी. पण आतून पोकळ.
पोकळीवर मी पोरीला बसवत नसतो."

ट्रॅक्टर बंद झाला.
भाऊजी सरीतून चालत आले, बांधापलीकडे थांबले,
शेतात साप निघावा तसे ओळंब्याकडे बघत राहिले.
मग वर बघून, मला नाही, मिस्त्रींना म्हणाले,
"खिळा मारू नका. मोहोराची फांदी आहे ती."
एवढंच. पुन्हा ट्रॅक्टर.

चार दिवस लागले. खिळा एकही नाही.
ठिबकची जुनी नळी सालीवर गुंडाळली,
तिच्यावर दोर, आणि दोराला बोटभर ढील.
"झाड वाढतं," मिस्त्री गाठ मारताना म्हणाले,
"आपण धरून चालतो, की थांबलंय."
फळ्या द्राक्षांच्या मांडवाखालच्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या.
कृत्तिका दिवसभर खाली, मान वर,
दार कुठे, खिडकी कुठे, विचारून विचारून
मिस्त्रींचा पान खायचा वेळ खाऊन टाकला तिने.

पाचव्या सकाळी ते म्हणाले,
"घरातलं जड माणूस आधी चढवायचं."
ते मीच निघाले.

फळी कुरकुरली, मग गप्प झाली.
वरून रामशेज दिसला,
काश्यपीचं पाणी म्हणजे उन्हात टाकलेला पत्रा.
बांध शोधला. नुसतं गवत. सापडला नाही.
आणि खाली, चिमटे मोजता यावेत इतक्या जवळ,
माझी जाऊ शकू कपडे वाळत घालत होती.

तिने वर पाहिलं.
माझे दोन्ही हात फांदीला घट्ट होते.
मी मान हलवली.
पानांतून ते तिला दिसलं की नाही, कुणास ठाऊक.
तिने पुढचं कापड झटकलं.