सत्तेचाळीस नंबरची बाई

शंभर फुटी रस्त्याला दस्तगीरभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे,
तिथे मी नऊ वर्षं बायका कापते.
म्हणजे मागची भिंत, पडदा, आभाळ काढून टाकते
आणि बाई तेवढी सुटी करून ठेवते.
मग ती कुठेही चिकटवता येते.

सगळ्यात जास्त खपली सत्तेचाळीस नंबरची.
जुन्या सीडीतली. नाव नाही, नुसता आकडा.
तिनं तासगावात द्राक्षाचं टॉनिक विकलं,
कुपवाडात सळई,
मिरजेत बनियन.
चौगुले अण्णांच्या पाणबुडी मोटारीला तर ती
ओल्या साडीत सात उन्हाळे रेलून उभी आहे.
मोटार बोअरमध्ये तीनशे फूट खाली जाते, अण्णा,
तिथे कोण बघतंय?
अण्णा म्हणाले, मोटार कुणीच बघत नाही, म्हणून तर.

ऑर्डरच्या चिठ्ठ्या मी टाकल्या नाहीत,
खिळ्याला टोचून ठेवल्यात.
‘कंबर अजून आत.’
‘पदर वीतभर खाली.’
‘तोंड नसलं तरी चालेल, फोन नंबर मोठा घ्या.’
ही शेवटची एका सळईवाल्याची. अक्षर सुरेख.

मग कॉलेजची इरावती आवटी आली,
ॲडव्हान्स सगळा सुट्ट्या नोटांत.
जाहिरातीतल्या बाईवर पोस्टर पाहिजे, म्हणाली,
पण बाई नको, ताई. दाखवली की परत तेच.

पहिल्या रात्री मी तिच्यावर लाल फुली मारली.
फुलीमागे ती होतीच,
उलट डोळा आता नेमका तिकडे जायला लागला.
दुसऱ्या रात्री तिच्या जागी
सुटलेल्या पोटाचा एक माणूस रेलवला.
मशीनवरचा तौफिक हसून हसून खाली बसला,
माझा मामाच की हा!
विनोद झाला. पुसून टाकला.
तिसऱ्या रात्री तिला काढूनच टाकली.
पांढरं भोक राहिलं
आणि त्या भोकालाही कंबर होती.

तेव्हा मूळ फोटो उघडला,
नऊ वर्षांत पहिल्यांदा चारी कडांपर्यंत.
मी नेहमी मानेपासून मांडीपर्यंतच घेत आले होते.
बाहेर बरंच काही राहिलं होतं:
पाठीशी ब्लाउज आवळून धरणारे तीन चिमटे,
कपडे वाळत घालायचे, त्यातला एक निळा.
मनगटावर वळ,
घड्याळ आत्ताच कुणी काढून ठेवायला लावल्यासारखा.
डोळे मिटता मिटता पकडलेले.
खाली टाचेला पट्टी,
आणि चौकटीच्या अगदी कोपऱ्यात
कुणीतरी पायानं सरकवलेली रबरी चप्पल.
गळ्याच्या हाडाशी तीळ.
तो तर मीच दरवेळी पुसत होते.

पोस्टरवर एवढंच ठेवलं.
मधली बाई नाही.
वर चिमटे, खाली टाच,
मध्ये चिठ्ठ्या, ज्याच्या त्याच्या अक्षरात.
तळाला बारीक टायपात: कापकाम,
आणि पुढे माझं नाव.

कातडी छापायला मॅजेंटा फार लागतो,
या खेपेला तो उरला.
भाई म्हणाले, छाप, पण अण्णांच्या बोर्डाशेजारी नको.
पोरींनी नेमका तिथेच बांधला,
खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण शिडी नव्हती.

संध्याकाळी हळदीच्या वखारीतल्या बायका
तिथे टमटमची वाट बघत उभ्या असतात,
हात कोपरापर्यंत पिवळे.
त्यातली एक वाकली.
चिठ्ठ्या तिनं वाचल्या नाहीत.
टाचेवर बोट ठेवलं, ठसा उमटला.
हिला काय लागलंय गं?

मला माहीत नव्हतं.
नऊ वर्षं रोज बघूनही मला माहीत नव्हतं.
चप्पल चावली असेल, मी म्हटलं,
दिवसभर उभी केली असणार.

मग बसवायची की तिला जरा, ती म्हणाली,
आणि टमटम आली.

उद्या अण्णांची मोटार छापायची आहे, सहा बाय तीन.
चिठ्ठी अजून आलेली नाही.