पूर्वीचा अनुभव

अर्जात एक रकाना होता:
प्रयोगशाळेतला पूर्वीचा अनुभव.
मी लिहिलं, नाही.
खोटं नव्हतं ते. आमच्या कॉलेजात
चाळीसजणांत दोन सूक्ष्मदर्शकं,
त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला.

तरी निवड झाली. उन्हाळ्याचे आठ आठवडे,
महिना नऊ हजार, शिवाय राहायची सोय.
ती मला नको होती.
संस्था भाट्याच्या पुलापलीकडे,
घर अलीकडे, मिरकरवाड्यात.

उदगीरचा शिवहार बिरादार मात्र ट्रंक घेऊन आला.
दोन रात्री झोपला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं,
ह्या समुद्राचा आवाज रात्रीचा
कमी होत नाही का?

पहाटे चारला जेटी.
चपला हातात घेतलेल्या कामत मॅडम,
टब, बॅटरीवरचा हवेचा पंप.
म्हाकूल हवंय. मेलेलं नको, जिवंत.
तांडेल हसला. म्हणाला, आजवर सगळे ताजंच मागत आले,
जिवंत मागणारं गिऱ्हाईक पहिलंच.

म्हाकुलाच्या अंगात दोन्ही बाजूंना
एकेक मज्जातंतू असतो, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा,
बारीक शेवईएवढा.
धोका दिसला की त्यातून ठिणगी धावते
आणि सगळं अंग आवळून ते
मागच्या मागे निसटतं.
आपल्या मेंदूतली तार केसाहून कितीतरी बारीक,
आपला हात अजून तिच्या लायकीचा नाही,
म्हणून आधी हे, मॅडम म्हणाल्या.

काचेची सुई आत शिरायची,
आकडा उतरायचा, उणे साठ,
आणि गळक्या पिंपासारखा लगेच
उणे चाळीस, उणे अकरा, शून्य.
शिवहार वहीत लिहायचा: गेला.
असे सोळा गेले.
पुस्तकातलं चित्र समोर उघडं ठेवून
आम्ही आतडी खरवडत होतो, चिमट्यानं, भीत भीत,
आणि भीतीनंच तंतू ताणला जात होता.

सतराव्याला मी पुस्तक मिटलं.
अम्मी धरते तसं धरलं, डोकं डाव्या मुठीत,
पातं एका दमात,
मग दोन बोटं आत आणि एकच ओढ,
न बघता.
तंतू तसाच पडून होता. ओला, अख्खा,
काही झालंच नाही असा.
कुठे शिकलीस हे?
किलोमागे दोन रुपये, मी म्हटलं. सहावीपासून.

एकोणतीस मे, दुपारी, लाईट जायच्या जरा आधी
पडद्यावर सुळका उठला.
उणे साठवरून थेट वर आणि परत खाली,
डोळ्याची पापणी लवायला लागतो
त्याच्याही शंभराव्या हिश्शात.
शिवहार म्हणाला, आलं बघ,
आणि वेळ लिहायची विसरला.

एक जूनला बंदी.
ट्रॉलर शाकारले गेले, टब उपडा झाला.
उरले चार आठवडे आणि सात नोंदी,
त्यातली एक तारीख-वेळ नसलेली.
शिवहार प्रोग्राम लिहितो, मी आलेख काढते,
घरी अब्बा पडवीत जाळ्याची भोकं शोधतात,
आम्हा तिघांचं काम
लांबून बघितलं तर सारखंच दिसेल.

अम्मीला मोबाइलवर सुळका दाखवला.
कधीचा हा?
अंगातून काढल्यावर तीन तासांनी.
आणि म्हाकूल कुठे होतं तेव्हा?
रखवालदार गुरवांच्या कढईत.
तिनं सुळक्यावर बोट टेकवलं,
चित्र मोठं झालं, तशी तिनं बोट मागे घेतलं.
मग मेलं कधी म्हणायचं ते?

अहवालात ह्याला रकाना नाही.
उद्दिष्ट आहे, पद्धत आहे, निष्कर्ष.
पद्धतीत मी काल एक ओळ घातली:
छेद जेटीवरच्या रीतीने घेतला.
मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढून
लिहिलंय, संदर्भ द्या.